सुतकाची यादी

आमच्या गावात कुणी गेलं की डॉक्टरच्या आधी मास्तर पोचायचे. बगलेत लांबट वही, हातात छत्री, मग ऊन असो की चांदणं. घरात रडारड चाललेली असायची आणि मास्तर बाहेर खळ्यात, म्हणजे अंगणात, उभे राहून विचारायचे, "किती वाजता?"

कुणीतरी डोळे पुसत सांगायचं, "आताच हो मास्तरांनू. साधारण तासाभरापूर्वी."

"साधारण म्हंजे किती? दिवस बुडाच्या आदी काय मागसून?"

उत्तर मिळेपर्यंत हलायचे नाहीत. मिळालं की वहीत लिहायचे, शाई वाळेपर्यंत पानावर फुंकर घालायचे, आणि मग कुठे चपला काढून आत जाऊन बसायचे. बसले की मात्र मयत उचलेपर्यंत उठायचे नाहीत. पण ते कोण लक्षात ठेवतो? लोकांच्या लक्षात राहिली ती वही. तोंडावर सगळे मान द्यायचे आणि पाठीमागे त्यांना कावळो म्हणायचे. मीही म्हणायचो. मी तर जरा जास्तच मोठ्याने म्हणायचो, त्याचं कारण पुढे येईलच.

मास्तर हायस्कुलात गणित शिकवायचे आणि निवृत्त झाल्यावर देवस्थान कमिटीचे सचिव झाले होते. कुठल्या घराला सुतक आहे, कधी लागलं, कधी फिटणार, हे सांगण्याचं काम सचिवाचं. कारण सुतकाच्या घराने देवळात यायचं नाही, मान घ्यायचा नाही, पालखीला खांदा द्यायचा नाही. आधीचे सचिव अंदाजाने सांगायचे आणि दर जत्रेला भांडणं व्हायची. मास्तरांनी अंदाज बंद केला. त्यामुळे भांडणं थांबली नाहीत, फक्त सगळी मास्तरांशी होऊ लागली.

एका वर्षी सरपंचांचा चुलतभाऊ मुंबईला वारला आणि नेमकी त्याच आठवड्यात जत्रा आली. सरपंच म्हणाले, मला तर अशी कुठलीच बातमी आलेली नाही.  मास्तरांनी कुणाचा तरी मोबाइल मागून घेतला आणि सरपंचांनी स्वतः ग्रुपवर टाकलेला भावाचा हार घातलेला फोटो आणि खालची वेळ त्यांनाच वाचून दाखवली. त्या वर्षी सरपंच पालखीला लागले नाहीत आणि मास्तरांच्या घरासमोरचा रस्ता पुढची तीन वर्षं डांबराशिवाय राहिला.

एवढं करून हा माणूस सुतक मानायचा म्हणाल, तर तेही नाही. देवळात सभामंडपात बसायचे ते देवाकडे पाठ करून, कारण उजेड त्या बाजूने चांगला येतो. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "देवाक काय सुतक लागणा नाय. ता माणसांक लागता. आणि माणसांक लागता म्हणानच त्येचे दिवस चुकता नयेत."

त्यांची बायको गेली तेव्हा मी तिथे होतो. पहाटेची वेळ होती. मास्तरांनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं, मनगटावरचं बघितलं, दोन्ही जुळत नव्हती म्हणून रेडिओ लावून तिसरी वेळ घेतली, आणि वहीत आपल्याच घराची ओळ लिहिली. शेजारच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. काय हा माणूस, असं मलाही वाटलं. मग ते पानावर फुंकर घालायला वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. कुणीतरी वही हळूच ओढून घेतली तेव्हा त्या पानावरची सगळी शाई पसरली होती.

आता माझ्या रागाचं कारण. नववीत मी एका गणिताचं उत्तर शेजारच्याचं बघून लिहिलं. बरोबर उत्तर, मध्ये एकही पायरी नाही. मास्तर वर्गात पुस्तकी मराठी बोलायचे आणि चिडले की मालवणीवर यायचे. मला बाकावर उभं करून ते म्हणाले, "उत्तर बरोबर आसा. पण तू थय कसो पोचलंस ता तुकाच म्हायत नाय." आणि शून्य. माझ्या मागच्या मुलीचं उत्तर साफ चुकलं होतं, पण तिने सगळ्या पायऱ्या मांडल्या होत्या आणि तिसऱ्या पायरीत हातचा विसरली होती. तिला निम्मे गुण. "चूक खंय झाली ता दिसता मां? मग झाला. ती सुदारता येता." बाकावरून मला सगळ्या वर्गाचे दात दिसत होते. ते मी विसरलो नाही.

पुढे मी कणकवलीला कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि गावच्या तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे, दुकान टाकलं. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, कलर प्रिंट. मास्तरांना कॉम्प्युटर शिकवण्याची बुद्धी कमिटीला माझ्यामुळेच झाली. मीच अध्यक्षांना म्हणालो, वही कशाला, एक्सेलमध्ये घाला. सुतक असलेलं घर आपोआप लाल होईल, फिटलं की आपोआप पांढरं. मानकऱ्यांना बारीक तारखा दिसत नाहीत, रंग दिसेल. अध्यक्षांना ते एवढं आवडलं की त्यांनी ते स्वतःचं म्हणून सभेत सांगितलं.

मास्तर तेवढे विरोधात होते. "रंग शिमग्याक. हय तारीख आसा ती वाचा." पण ठराव झाला, तेव्हा सदुसष्टाव्या वर्षी ते माझ्या दुकानात येऊन बसले. महिनाभरात शिकले. दर शनिवारी सकाळी यायचे, पेन ड्राइव्ह चष्म्याच्या दोरीलाच बांधलेला असायचा. तो लावायचा झाला की चष्म्यासकट मास्तर यंत्रापर्यंत वाकायचे आणि काम होईपर्यंत तसेच वाकून राहायचे. माझी गिऱ्हाइकं मजा बघायची. मीही त्यांना कधी लांब दोरी दिली नाही.

एका घराला एक ओळ. घर नंबर, वाडी, कुटुंबप्रमुख, आणि शेवटच्या रकान्यात सुतक फिटण्याची तारीख. ती तारीख आजची किंवा पुढची असेल तर ओळ लाल. एवढा साधा नियम. पहिल्याच शनिवारी तो फसला. मास्तर प्रिंट घेऊन तिठ्यावरून ओरडतच आले. "मराण एका घराक आणि सुतक वरच्या घराक! तुज्या यंत्राक माणसां कळतत काय रे?" बघितलं तर मी निवड केली होती पहिल्या ओळीपासून आणि सूत्र लिहिलं होतं दुसऱ्या ओळीचं, त्यामुळे प्रत्येक घराचा रंग एक ओळ वर सरकत होता. ते मी नीट केलं. सूत्रात रकान्याच्या अक्षराआधी एक डॉलर घालायचा, म्हणजे रकाना जागचा हलत नाही, हेही सांगितलं. मास्तरांनी तो डॉलर वहीत काढून घेतला आणि खाली लिहिलं, 'एकच. ओळीच्या आकड्यास लावू नये.'

इथवर ठीक होतं. पुढे लाल रंग चौकट सोडून जायला लागला. मास्तर कुठे तरी एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवायचे, आणि ओळीबरोबर तिचा नियमही तिकडे जायचा. कधी टिपणांचा रिकामा रकाना लाल, कधी त्याच्याही पलीकडचे चार मोकळे रकाने. दर शनिवारी मास्तरांचा एकच प्रश्न. "ह्यो रंग मी घातल्या चौकटीच्या भायर कित्याक जाता?"

मला उत्तर माहीत होतं. औषधही माहीत होतं. नियमांची यादी उघडायची, चिकटवताचिकटवता झालेले सगळे तुकडे काढून टाकायचे, सबंध यादीला एकच नियम नव्याने लावायचा, आणि पुढे चिकटवताना नुसता मजकूर चिकटवायचा. अर्ध्या तासाचं काम. मी करायचो ते दोन टिचक्यांचं: जिथे लाल दिसेल तेवढेच चौकोन निवडायचे आणि तेवढ्यांचा नियम पुसायचा. दिसायला चकाचक.

"कॉम्प्युटर आसा मास्तरांनू. होता कदी कदी."

"कदी कदी म्हंजे कदी? कारण नसताना काय होणा नाय. तू रंग काढलंस. नियम खंय आसा ता माका दाखय."

"फुडच्या शनवारी दाखयतंय."

असे किती शनिवार गेले ते मी मोजले नाहीत. गिऱ्हाईक आहे, लाइट जाईल, शाई संपली. खरं सांगायचं तर मला मजा वाटायची. बाकावर उभं करणारा माणूस माझ्या स्टुलावर अवघडून बसलाय, त्याला पायऱ्या हव्यात, आणि मी त्याला नुसतं उत्तर देतोय. हे आज लिहितानाही मला माझी लाज वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती.

एका शनिवारी कुठल्याशा घराची ओळ, लाल व्हायला हवी असून, होईना. माझ्याच पुसापुशीत तिचा नियम गेला असणार. मी घाईत त्या एका ओळीसाठी वेगळा नियम केला आणि तारखेच्या चौकोनावर नुसती टिचकी मारली. अशी टिचकी मारली की यंत्र स्वतःच दोन डॉलर घालतं, एक रकान्याला, एक ओळीला. म्हणजे तो नियम कुठेही नेऊन चिकटवा, तो त्या एकाच घराची तारीख बघत बसणार. मला ते दिसलं. ओळ लाल झाली होती, मास्तर दुसरीकडे बघत होते, मी ओके दाबलं.

पुढे काही महिन्यांनी मास्तर एक नवीन घर नोंदवायला आले. आमच्या खालच्या वाडीत एका जहाजावरच्या माणसाने नवीन घर बांधलं होतं. माणसं मूळची आरोंद्याची, भावकी सगळी तिकडे. इथे फक्त त्याची आई आणि बायको. तो आठ-आठ महिने समुद्रावर. मास्तर म्हणाले, "वरच्या घराच्या खाली घाल." मी वरच्या घराची ओळ कॉपी केली, खाली चिकटवली, नाव बदललं, तारीख पुसली. ते वरचं घर म्हणजे तेच, दोन डॉलरवालं. तेव्हा तिथे कुणाला सुतक नव्हतं, दोन्ही ओळी पांढऱ्या दिसत होत्या.

"नियम बगलंस?" मास्तरांनी विचारलं.

"बगलंय."

त्याच वर्षी देवाचा कौल झाला आणि डाळपस्वारी ठरली. आमच्याकडे देव काही वर्षांनी एकदा देऊळ सोडून निघतो आणि वाडीवाडीतून, घराघरातून जाऊन माणसांची विचारपूस करतो. कधी निघेल ते त्याच्या मनावर. माझ्या आयुष्यात तीनदाच निघाला. त्या दिवसासाठी माणसं मुंबईहून नोकऱ्यांवर पाणी सोडून येतात. सुतकाच्या घरी तेवढा देव जात नाही, आणि त्या घरासमोरून जाताना ढोल बंद ठेवायचा, असा आमच्या गावचा रिवाज.

स्वारीच्या चार दिवस आधी वरच्या घरातले आजोबा वारले. मास्तर नेहमीसारखे पोचले, पण वही दुसऱ्याच्या हातात होती. त्याच आठवड्यात कणकवलीला त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि दुसऱ्याने मुळातच कमी दिसायचं. स्वारीच्या आदल्या दिवशी ते हिरवी पट्टी लावून माझ्या दुकानात आले. तारीख मी घातली, प्रिंट मी काढल्या. एरवी मास्तर प्रिंटवर फूटपट्टी ठेवून एकेक ओळ वहीशी जुळवल्याशिवाय कागद उचलत नसत. मी त्यांना कुत्सितपणे विचारायचोही, मग यंत्र कशाला?

"माका आज दिसणा नाय," मास्तर म्हणाले. "तू वहीशी जुळवलंस?"

दुकानात पाच माणसं उभी होती. "जुळवलंय."

"ओळ ओळ?"

"ओळ ओळ, मास्तरांनू."

"मग बरा," ते म्हणाले, आणि कागद घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी मी स्वारीबरोबर मोबाइलवर फोटो काढत चाललो होतो. खालच्या वाडीत आलो. आजोबांच्या घरासमोर ढोल थांबला, ते सगळ्यांनाच माहीत होतं. पण पुढच्या नवीन घरापर्यंत आलो तरी तो सुरू होईना. अंगणात रांगोळी, दाराला तोरण, जहाजावरच्या माणसाची म्हातारी आई, म्हणजे काकी, नारळ घेऊन उभी, सून पंचारत पेटवून उभी. आणि देवाचे तरंगखांब, निशाणं, माणसं, सगळी वरात गप्प, त्यांच्याकडे न बघता पुढे चाललेली. मला काय वाटलं असेल? अरेरे, इथेही कुणी गेलं वाटतं. स्वतः केलेली यादी, आणि माझाही तिच्यावर विश्वास.

काकीने एका मानकऱ्याला हाक मारली. "अरे, आमच्याकडे कित्याक नाय?"

त्याने कागद दाखवला. "काकी, तुमच्या घराक सुतक आसा मां."

"आमच्या? आमच्यातलो कोण गेलो?"

मानकरी गांगरला. "माका म्हायत नाय. हय लाल आसा. कायतरी खबर इली असतली. मास्तरांची यादी चुकणा नाय." आणि तो वरातीमागे पळाला.

पुढचं मी नंतर ऐकलं. त्यांनी आरोंद्याला फोन लावला. तिथे सगळे धडधाकट. मास्तरांना लावला, तर मास्तरांचा मोबाइल घरी चार्जिंगला, तो कायम तिथेच असायचा. जहाजावरून नऊ दिवस फोन नव्हता. मग उरला कोण? शेजारणी जमल्या, आणि सगळ्यांचं एकच: मास्तरांना कळलंय, आपल्याला कुणी सांगत नाहीय. सुनेने उंबरठ्यावर हात आपटून काकणं फोडली. कुणी म्हणतं तिने स्वतः, कुणी म्हणतं एका म्हातारीने धरून. तिच्या मनगटावरचे वण मी पाहिलेत, ते कुणी केले ते मला विचारवलं नाही.

देवळात मास्तरांना कळलं तेव्हा ते एका डोळ्याने, बिनचपलेचे, खालच्या वाडीपर्यंत धावत गेले. तोवर माझ्याही डोक्यात प्रकाश पडला होता. मी वळलो नाही. मी स्वारीबरोबर पुढे पुढे गेलो आणि फोटो काढत राहिलो.

मास्तर त्या खळ्यात उभे राहून ओरडले म्हणतात, "कोण मेलो म्हणान कोणी सांगल्यान? कोणीच मेलो नाय! यादी माजी, चूक माजी!"

आणि ती काकी त्यांचे पाय धरून म्हणाली, "मास्तरांनू, माका खोटा सांगा नको. तुमची यादी कदी चुकली नाय."

तीन दिवस तिला कुणी पटवू शकलं नाही. मास्तर रोज जाऊन सांगायचे, आणि जितकं सांगायचे तितकी तिची खात्री वाढायची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कुठल्याशा बंदरातून मुलाचा फोन आला. काकी त्याचा आवाज ऐकून आडवी झाली ती तशीच अंथरुणाला लागली. स्वारी परत काही त्यांच्या दारी गेली नाही, निघालेला देव मागे वळत नाही.

तो फोन यायच्या आदल्या दिवशी सकाळी मास्तर दुकानात आले होते. "दाखय," एवढंच म्हणाले. मी नियमांची यादी उघडली. चाळीसेक तुकडे होते. डोळ्यावरची पट्टी तशीच, मॉनिटरला नाक लावून ते एकेक ओळ वाचत गेले. मी शेजारी उभा. त्या दोन डॉलरपाशी त्यांचं बोट थांबलं.

"ह्यो वरच्या घराची तारीख बगता," ते म्हणाले. "दोन लावलेले आसत. मी एकच लावतंय."

मी माउसची वायर सरळ करत राहिलो.

"चूक खंय झाली ता गावली," मास्तर म्हणाले आणि स्टुलावर बसून राहिले. मला बोलायला त्यांनी जागा ठेवली होती, हे मला तेव्हाही कळत होतं. नवीन लग्न, दुकानाचं कर्ज, अख्ख्या गावाची गिऱ्हाइकी, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी म्हणालो, "चाय सांगू?" मास्तर उठले आणि गेले. माझ्या दुकानात ते परत आले नाहीत.

देवळातल्या सभेत त्यांनी राजीनामा दिला. कुणीतरी विचारलं, प्रिंट कोणी काढल्यान? मास्तर म्हणाले, "प्रिंट काढणारो कागद काढता. यादी सचिवाची." मी खांबाला टेकून उभा होतो. ज्यांना त्यांच्या वहीने कधी ना कधी अडवलं होतं, त्या सगळ्यांनी त्या दिवशी हात धुऊन घेतले. सरपंच सर्वांत जास्त वेळ बोलले.

पाच महिन्यांनी तो जहाजावरचा घरी आला. माझ्या दुकानासमोरच, भर तिठ्यावर, त्याने मास्तरांची छत्री हिसकावून फेकली. "मी जितो असताना माज्या बायलेन काकणा फोडल्यान! आवस माजी खाटेर पडली! तुमच्या एका रेगेन!" मास्तर म्हणाले, "खरा आसा." त्याने आणखी बरंच काही ऐकवलं आणि मास्तर प्रत्येक वाक्याला खरा आसा म्हणत राहिले. मी कुणाचं तरी आधार कार्ड लॅमिनेट करत होतो. मशीन तापलं होतं, कार्ड मध्येच ठेवता येत नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

काकी पावसाळ्यात गेली. त्यानंतर वर्षभराने मास्तर गेले.

मास्तरांचं तेरावं झाल्यावर मी त्या नवीन घरी गेलो. माझं मन मला खात होतं म्हणा, किंवा आता बोलायला धोका उरला नव्हता म्हणा. काकीची सून, आमची वैनी, खळ्यात कोकमाची सोलं वाळत घालत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, नियम, डॉलर, खोटं बोललो ते, सगळं. एक्सेल तिला कळलं नसेल, पण जे कळायचं ते कळलं.

"म्हंजे मास्तरांनी केल्यानी नाय," ती म्हणाली.

"नाय."

ती हातातलं सोल तसंच धरून बसली. "दर सोमवारी येयत ते. सासू असताना पण, ती गेल्यार पण. खळ्यात, हयच, तू उबो आसस थय. विचारीत, फोन इलो? बरो आसा मां तो? मी एक दिवस बोललंय नाय. एकदा मे म्हयन्यात पाणी मागल्यानी. मी आत जावन दार लायलंय."



"ता आता मी खंय जावन भरतलंय, सांग माका."

ती उठून आत गेली. आता दार लावणार, असं मला वाटलं. ती पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन बाहेर आली आणि माझ्यापुढे धरला. "तुका देवचा नाय असाच मनात इला. पण ता एकदा करून बसलंय. पी."

मी पाणी प्यालो. सगळं पिऊन होईपर्यंत ती उभी होती. मग म्हणाली, "माका एकटेक सांगून तुजा काय जाणा नाय. देवळात सांग. सगळ्यांफुडे सांग, मास्तरांची चूक नाय होती म्हणान."

"सांगतंय," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी देवळात सभा होती. मी वेळेआधी गेलो, पुढे बसलो. अख्खा गाव होता. विषय संपत आले तसा मी उठलो, आणि कुणीतरी बघितलं म्हणून बसलो. परत उठलो. या वेळी अध्यक्षांनीच हात करून सगळ्यांना गप्प केलं आणि विचारलं, "काय रे, तुका काय सांगूचा आसा?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

"पंखो वायच बारीक करा," मी म्हणालो.